उतरवलेली कौलं

"बिरू, त्यो कोपरा कशाला ठेवलास? समदी उतरव!" खालून शांतवन ओरडला.

बिरू चर्चच्या आढ्याजवळ वाशावर पाय टाकून बसला होता. त्यानं वाशावर मूठ आपटून पाहिली. "शांत्या, वासा ठणठणीत हाय रं. दोन-चार रिपा बदलू, झालं काम."

"किल्लारीचं ऐकलं न्हाईस व्हय? दगडाची घरं कशी बसली? पुण्यासनं इंजिनियर येनार हाय. त्याला समदं उघडं दावायचंय. त्यानं बघितलं की आठ दिसात तूच परत चढवायचीस."

"मीच?"

"मग काय बाहेरचा आणू?"

एवढ्या बोलण्यावर बिरूनं राहिलेला कोपराही मोकळा केला. भूकंपानंतरचा उन्हाळा होता तो. दगडाच्या भिंतीकडं माणसं संशयानंच बघायची, त्यामुळं त्याला काही वावगं वाटलं नाही.

कालवा खणायला आलेल्या गोऱ्या साहेबांनी बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला हे चर्च बांधलं होतं. विलायतेत म्हणे बारमाही पाऊस, म्हणून छपराला इथंही तसाच उभा उतार दिला. आपल्याकडं ढग वाट चुकले तरच येतात, हे साहेबाला कोण सांगणार? पण बांधलं मात्र देखणं. काळा घडीव दगड, टोकदार कमानी, भिंतींना बाहेरून दिलेले जाड दगडी टेकू आणि वर छप्पर तोलणाऱ्या सागवानाच्या कैच्या. वेदीच्या मागं रंगीत काचांची उंच खिडकी, आणि तिच्यात खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ.

काटेवाडीचा बिरू जातीचा धनगर. शाळेत शांतवन त्याच्या शेजारी बसायचा. त्यानंच एकदा त्याला ही खिडकी दाखवायला आत नेलं. बिरू चपला बाहेर काढू लागला तसा शांतवन म्हणाला, "आमच्यात न्हाय काढत." "आमच्यात काढत्यात," म्हणून बिरू अनवाणी आत गेला आणि खिडकीकडं बघून हरखला. "ह्यो तर आपल्यातला! पन कोकराचं पाय नीट धरलं न्हाईत गड्यानं. पडंल की." त्यावर दोघं इतके हसले की चर्चच्या पाळकांनी कान धरून बाहेर काढलं.

पुढं बापाची मेंढरं गेली, बिरू शाकारणीची कामं करू लागला. शांतवन चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी झाला. मिरगाच्या आधी चर्चची कौलं चाळायची आणि फुटकी बदलायची, हे काम बिरूचंच. वर जाण्याआधी तो मेंढपाळाला हात जोडायचा. त्याची बायको सारजा म्हणायची, "बिरोबा घरात बसलाय आन् ह्ये हात जोडत्यात खिडकीला."

आषाढ गेला, श्रावण गेला. इंजिनियर आला नाही. बिरू विचारायला गेला की शांतवन चहा पाजायचा आणि म्हणायचा, "येतोय रं." लिंबाखाली ओळीनं रचून ठेवलेली कौलं एक दिवस दिसेनात. "चोरांच्या भ्यानं हलवलीत," शांतवन म्हणाला. बिरूला खरंच वाटलं. पोरपणापासूनच्या माणसाला कोण खोदून विचारतो?

भाद्रपदात पाऊस धरून लागला. बिरू घोंगडं पांघरून सायकलवर निघाला. चर्चच्या भिंतीवर लाल रंगात 'धोकादायक इमारत' असं लिहिलं होतं. आत पाऊस सरळ फरशीवर पडत होता. दगडी देवडीत बनाबाई बसली होती. चर्चची घंटा वाजवणाऱ्या माणसाची ती विधवा, आवारातल्या खोलीतच राहायची.

"आसं का केलंस रं बिरू?" तिनं विचारलं. "दुसरीकडं मोठं काम गावलं म्हून हितलं उघडं टाकून गेलास?"

"कोन म्हनलं?"

"शांतवननं उपासनेत सांगितलं, समद्या मंडळीम्होरं. बिरूनं कौलं उतरवली आन् तोंड काळं केलं. आता भित्ती भिजल्या, पाडल्याबिगर गत न्हाय म्हनं. म्होरं दुकानं, मागं स्लॅबचं नवं चर्च."

बिरूनं वर उघड्या वाशांकडं पाहिलं. छप्पर कुजलं नव्हतं. ते उघडं पाडायला हात पाहिजे होते, ते त्याचे वापरले होते.

तेवढ्यात शांतवनच छत्री घेऊन आला. बिरूला बघून थबकला, पण मग सावरला.

"शांत्या, मावशीला खरं सांग. मी टाकून गेलो का तू थांबवलंस?"

"कशाला वाढवतोस? तुला कोन काय करनार हाय?"

"केसानं गळा कापलास माजा."

"हे बघ बिरू," शांतवनचा आवाज चढला, "चर्च आमचं हाय. आमचं आमी बघू. तू बाहेरचा मानूस, तुला काय फरक पडतोय?"

बनाबाईनं शांतवनकडं पाहिलं, मग मान खाली घातली. तिला कळलं होतं, पण तिची खोली कमिटीच्या आवारात होती. शांतवन छत्री सावरत निघून गेला.

 बिरूला रडू आलं आणि ते पावसात कुणाला दिसलं नाही. त्यानं चपला काढल्या आणि आत गेला.

उन्हाळ्यात ठेवलेली त्याची शिडी अजून कोपऱ्यातच होती. वेदीमागच्या भिंतीवरून गढूळ पाणी ओघळत होतं, खिडकीच्या कडेचा चुना धुऊन निघत होता. खालची एक काच निसटून फुटली होती. बिरूनं भिंतीला शिडी लावली, वर चढला आणि अंगावरचं घोंगडं खिडकीवर पसरून दोन्ही टोकं वरच्या लोखंडी आकड्यांना घट्ट बांधली. मेंढपाळ कोकरासकट झाकला गेला. खाली उतरून त्यानं शिडी खांद्यावर घेतली आणि सायकल हातानं ढकलत काटेवाडीची वाट धरली.

घरी पोचला तेव्हा अंगावरून पाणी गळत होतं. सारजा दारातच ओरडली, "आवं, घोंगडं कुठं टाकलं?"

बिरूनं शिडी भिंतीला टेकवली.

"आपल्यातलाच एक भिजत हुता," तो म्हणाला. "त्याला दिलं."