चाळीस सेकंदांची भाकरी

२००१ च्या एप्रिलमध्ये पगारेकाका पहिल्यांदा माझ्या दुकानात आले. नाशिक रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. काका, म्हणजे धनराज पगारे, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाण्याच्या पंपांवर कामाला. ड्यूटी सुटल्यावर खाकी कपड्यांतच सरळ माझ्याकडे आले होते.

"मशीन आपोआप बंद पडतं," ते म्हणाले. "माझ्या मुलीचं आहे. आजच आलात तर लय बरं होईल."

मी त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून कॉलनीत गेलो. खालच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं क्वार्टर. पुढच्या खोलीत टेबलापाशी मोहिनी बसली होती. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीला खालून वेल्डिंग करून चाकं लावलेली, उजव्या कोपराखाली उशी आणि हात माउसवर. नवव्या वर्षापासून तिचे स्नायू हळूहळू निकामी होत चालले होते. सातवीनंतर शाळा सुटली, कारण आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता.

"दादा, वीस मिनिटं चालतं आणि जातं," ती म्हणाली. "रेंडर लावला की हमखास."

रेंडर म्हणजे आपण मांडलेलं दृश्य कॉम्प्युटरने रंग-सावल्यांसकट चित्र करून ठेवायचं. अशी पंचवीस चित्रं झाली की फिल्मचा एक सेकंद होतो. एकलहऱ्यात कुणी असलं काही करत असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तिने एक सीडी आणि एक फाटकं पुस्तक यांवरून सगळं शिकून घेतलं होतं.

"कशाची फिल्म आहे?"

तिने पडद्यावर एक हात उघडला. राखाडी रंगाचा, नुसता आकार. पण अंगठ्याचा सांधा थोडा बाहेर आलेला, करंगळी किंचित वाकडी. "आईचा आहे. आई भाकरी थापते ना, तेवढंच. पिठाचा गोळा हातात घेतल्यापासून तव्यावर टाकेपर्यंत. चाळीस सेकंद."

तिची आई, सुमनकाकू, आतून म्हणाल्या, "रोज मला समोर बसवते आणि हात बघते. माझ्या हातात काय ठेवलंय एवढं?"

चाळीस सेकंद म्हणजे एक हजार चित्रं. त्या मशीनला एका चित्राला वीस मिनिटं लागत होती. मी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीचा नमदा बसला होता आणि पंखा जेमतेम फिरत होता. चार जीबीची हार्ड डिस्क काठोकाठ भरलेली. मी ब्रशने सगळं साफ केलं, प्रोसेसरवर उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावली, नवा पंखा बसवला, आणि दुसऱ्या दिवशी वीस जीबीची डिस्क जोडून दिली. मशीन सलग सहा तास चाललं. काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि तेव्हापासून मला अरे-तुरे करू लागले.

पुढची दोन वर्षं मी दर चार-सहा महिन्यांनी जात राहिलो. कधी रॅम वाढवली, कधी कॅबिनेटला मागे आणखी एक पंखा लावला. मोहिनी उजव्या हातावर काम करत होती. तळहाताची कातडी ताणली की सुरकुत्या कुठे जातात, पीठ बोटांच्या बेचक्यात कसं अडकतं, असलं काहीतरी ती मला दाखवायची. तेवढ्यात तिचा स्वतःचा उजवा हात टेबलावरून घसरला, की ती डाव्या हाताने ढकलून पुन्हा माउसवर ठेवायची आणि पुढे बोलू लागायची. मुंबईच्या डॉक्टरांनी काकांना केव्हाच सांगून टाकलं होतं की या आजाराला औषध नाही. मशीनला मात्र औषध होतं आणि ते माझ्याकडे मिळायचं.

२००३ चा मे फार कडक गेला. भर दुपारी मशीन पुन्हा बंद पडायला लागलं. काका चिडले. "तिथं मी टॉवरचं एवढं पाणी थंड करतो," ते मला फोनवर म्हणाले, "आणि घरात नखाएवढा तुकडा थंड होईना?"

मी म्हटलं, उन्हाळाभर रेंडर सकाळी लावा. पण त्यांनी थांबायचं नाव घेतलं नाही. पत्रा कापून एक नळकांडं बनवलं, त्याचं एक टोक खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरला जोडलं आणि दुसरं कॅबिनेटच्या पोटात सोडलं. चार दिवस मशीन बर्फासारखं गार चाललं. मोहिनीने अडीचशे चित्रं काढली. पाचव्या दिवशी पडदा काळा झाला.

मी जाऊन बघितलं तर मदरबोर्डवर ओल होती. कूलरचं दमट वारं आत साचून डाखाचे टाके हिरवे पडले होते. काका माझ्या शेजारी उकिडवे बसले होते. त्यांना विचारायचं धाडस होईना.

"डिस्क वाचेल," मी म्हटलं. "बोर्ड आणि प्रोसेसर गेले."

"मीच मारलं ते," काका म्हणाले.

मोहिनी म्हणाली, "बाबा, तसंही जुनंच होतं." तिचा आवाज अगदी साधा होता. पण काका उठून बाहेर गेले आणि मी निघालो तरी आत आले नाहीत.

नवा बोर्ड आला, सहापट वेगाचा प्रोसेसर आला, त्याच्यावर उष्णता ओढून घेणारा, माझ्या मुठीएवढा तांब्याचा हीट सिंक आला, चाळीस जीबीची डिस्क आली. एका चित्राला आता तीन मिनिटं पुरत होती. काका घड्याळ लावून बसले होते. तीन मिनिटं झाली आणि चित्र आलं तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. त्या वर्षाच्या शेवटी उजवा हात पूर्ण झाला. बावीस सेकंद. एक हात परातीवर गोळा दाबतो, फिरवतो, थापतो. मी ती फिल्म तीनदा लावून बघितली.

डावा हात राहिला होता.

२००५ च्या पावसाळ्यात काकांचा पुन्हा फोन आला. "अश्विन, मशीन हळू झालंय. जरा चांगला प्रोसेसर टाकून दे."

मी गेलो. सगळं तपासलं. तापमान ठीक, डिस्क अर्धी रिकामी, पंखे साफ. काका स्वतः दर रविवारी ब्रश फिरवत होते. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. मोहिनीच्या हाताशी आता माउस नव्हता. टेबलावर घट्ट बसवलेला एक मोठा चेंडू होता, तो ती एका बोटाने फिरवत होती. दोन-चार वेळा फिरवला की डोळे मिटून घ्यायची.

"बाबा, दादांसाठी दूध आणा ना, चहा करायला," ती म्हणाली. काका गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. "दादा, मशीन हळू नाहीये."

"माहितीये."

"पूर्वी मी दिवसाला एक बोट हलवायचे. आता एक पेर हलवायला आठवडा जातो. त्यांना वाटतं नवीन काही आणलं की मी पण पूर्वीसारखी चालेन. तुम्ही त्यांना सांगा की आता यात बदलण्यासारखं काही नाही. मला सांगता येत नाही."

मी हो म्हटलं. काका दुधाची पिशवी घेऊन आले. दारातच त्यांनी मला विचारलं, "काय मग? होईल ना?"

मी तोंड उघडलं. मोहिनी माझ्याकडे बघत होती. "होईल काका," मी म्हटलं. "आहे एक नवा प्रोसेसर."

तिने मान वळवायचा प्रयत्न केला, तेवढीही वळली नाही. पुढच्या आठवड्यात मी जाऊन तो प्रोसेसर बसवला. त्या दिवशी ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. हेच मला जास्त लागलं.

जानेवारीत तिला न्यूमोनिया झाला. छातीत कफ साठला आणि खोकून काढायला ताकद उरली नव्हती. नऊ दिवस ती दवाखान्यात होती. मी दोनदा जाऊन आलो, दुसऱ्या वेळी तिने ओळखलं नाही. ती गेली तेव्हा बावीस वर्षांची होती.

डाव्या हाताची तीन बोटं झाली होती.

त्यानंतर काकांनी तिचं ते फाटकं पुस्तक हातात घेतलं. उरलेली दोन बोटं आपण करू, असं त्यांनी ठरवलं. ड्यूटीवरून आले की चष्मा लावून बसायचे. मला दुकानात येऊन एकेक शब्दाचा अर्थ विचारायचे. मी सांगायचो, पण ते काम मलाही येत नव्हतं. सहा महिन्यांत त्यांना एक पेरसुद्धा हलवता आलं नाही. एकदा त्यांनी सुमनकाकूंना समोर बसवलं आणि भाकरी थापायला सांगितली. काकूंनी दोन भाकऱ्या थापल्या, परात बाजूला सारली आणि म्हणाल्या, "आता पुरे करा. माझ्याच्यानं नाही होत." त्यानंतर काकांनी पुस्तक मिटलं.

२००७ मध्ये ते निवृत्त झाले आणि मनमाडला आपल्या भावाच्या शेजारी राहायला गेले. दुसऱ्या वर्षी काही कामाने मी तिकडे गेलो होतो, म्हणून त्यांच्या घरी डोकावलो. पुढच्या खोलीत मशीन चालू होतं. समोर कुणी बसलेलं नव्हतं आणि पडद्यावर कुठलीच फिल्म नव्हती, नुसते तापमानाचे आकडे.

"अडतीस," काका म्हणाले. "चाळीसच्या वर जाऊच देत नाही मी."

काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी पाणी मागायला त्यांच्या मागे गेलो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "सकाळी उठले की आधी ते चालू करतात. आंघोळ नंतर. रात्री बंद करायचं म्हटलं की टाळत राहतात. तुम्ही काही बोलू नका."

मी बाहेर येऊन बसलो. काकांनी कॅबिनेटचा पत्रा काढून मला आत दाखवलं. धुळीचा कण नव्हता. तांब्याचा हीट सिंक घासून लख्ख केलेला.

"अश्विन, एक विचारू? डिस्कचं आयुष्य किती असतं रे?"

"सांगता येत नाही काका. पाच वर्षं, सात वर्षं. कधी त्याच्या आतच जाते."

"मग दोन लावल्या तर? दोन्हींवर मोहिनीची फिल्म ठेवायची. एक गेली तरी दुसरी राहील ना?"

मी म्हटलं, "राहील."

"दुसरी गेली तर?"

काकूंनी चहा आणून ठेवला. आम्ही तिघांनी तो मशीनसमोरच बसून प्यायला. पुढच्या गुरुवारी मी नवी डिस्क घेऊन पुन्हा मनमाडला गेलो आणि ती बसवून दिली.