धरायचं काम

"मावशी, मी अजिबात हलणार नाही. नाकात फवारा मारा," म्हणत पोरगी आपणहून टेबलावर चढली आणि मान मागे टाकून, डोळे मिटून बसली. सायकलवरून पडून गुडघा फाटला होता, आत रस्त्याची खडी रुतली होती. बापाची बाही रक्तानं भिजलेली. पण ही रडायचं नाव घेईना.

मावशीची नजर औषधांच्या कपाटाकडे गेली.

कागदोपत्री ती अपघात विभागातली आया होती. खरं काम एकच, उपचार होईपर्यंत पोरं धरून ठेवायची. चादरीत गुंडाळून असं आवळायची की मुलाची सुटायची काय बिशाद! "मावशींच्या हातून सुटेल तो पैलवान," असं डॉक्टर म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, तिला त्याचा अभिमान होता. मग मुलांच्या वेदनांवर अभ्यास करायला एक डॉक्टरबाई आल्या. किती दुखतंय ते आधी मुलालाच विचारायचं, नाकात औषधाचा फवारा मारायचा, तो चढेपर्यंत थांबायचं, मगच जखमेला हात लावायचा. मावशीनं नाक मुरडलं. "कसले हे लाड? आमच्या वेळी रडली पोरं, मेली नाहीत." पण तेव्हा फवारा मारून याच पोरीचं मोडलेलं मनगट बसवताना ती मावशीला आपल्या मांजरीचे उद्योग सांगत होती. त्या दिवशी मावशीला घास गेला नाही. आजवर धरलेली पोरं एकेक करून डोळ्यांपुढे येत राहिली.

अभ्यास संपला. निष्कर्ष उत्तम निघाले, टाळ्या वाजल्या, बाई दुसऱ्या गावी गेल्या. फवाऱ्याच्या बाटल्या अभ्यासाबरोबर आल्या होत्या, त्याच्याबरोबरच संपल्या. नव्या मागवायचा प्रस्ताव वरच्या मजल्यावर गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला.

"एखादी उरली असेल हो, डॉक्टर," मावशी हळूच म्हणाली.

"कपाट तुम्हीच तर धुंडाळलंत." तरुण डॉक्टर थकला होता. "जागा बधिर करतो, पण ती सुईही जखमेतच द्यायची. धरावं लागेल."

"कधी मारणार?" पोरीनं डोळे न उघडताच विचारलं.

"पाणी मारा ना थोडं नाकात," बाप कुजबुजला. "तिला काय कळतंय?"

"कळेल," मावशी म्हणाली. ती पोरीजवळ बसली. "बाळा, ते औषध संपलंय गं. आज दुखणार. खूप दुखणार. आणि मी तुला धरणार आहे."

पोरीनं डोळे उघडले. "मी सायकल जोरात चालवली म्हणून?"

"नाही गं राणी. तुझं काहीच चुकलं नाही. आमचं चुकलंय."

पोरीला ते पटलं नाही. मावशीनं चादर गुंडाळली. हात काही विसरले नव्हते. पोरगी आधी ओरडली, मग "मावशी सोडा, मी हळू चालवीन" म्हणून विनवत राहिली, आणि शेवटी नुसती कण्हत राहिली. मावशीचे डोळे वाहत होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

पट्टी झाल्यावर बापानं तिला उचललं. दाराशी गेल्यावर ती त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "बाबा, परत लागलं ना, तर मी सांगणारच नाही."

मावशीला ते स्पष्ट ऐकू आलं. बाहेर पुढचं पोर रडत होतं, आणि डॉक्टर तिला हाक मारत होता.