चष्मा काढला की उठायचं

माणूस आणि जनावर यांच्यात फरक एकच आहे, तो म्हणजे माणूस घासाघीस करतो. बुद्धी, भाषा, सदसद्विवेक हे सगळं नंतरचं. वाघाने हरणाला कधी 'शेवटचं काय ते सांग' म्हटल्याचं ऐकिवात नाही. हा सिद्धांत मी आमच्या घरात पंचवीस वर्षं मांडत आलो आहे आणि आजवर तो कुणी खोडून काढलेला नाही. मी स्वतः घासाघीस करून आणलेली वस्तू मात्र एकच, दारामागची छत्री. ती उघडते, पण मिटत नाही, म्हणून आम्ही ती उघडत नाही.

तरीही मेहुण्याने जुनी मोटरसायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा आमची ही म्हणाली, "अहो, तुम्ही जा त्याच्याबरोबर. एकतीस वर्षं खरेदी खात्यात काढलीत ना?"

काढली होती. तिथे तीन बंद पाकिटं यायची. ती फोडायची, आणि ज्यात सगळ्यात कमी आकडा असेल त्यावर बरोबरची खूण करायची. एकतीस वर्षांत मी एकाही विक्रेत्याचं तोंड पाहिलं नाही. पण हे घरात सांगायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

मेहुणा वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानातले, गोदामातले, दवाखान्यातले. वय बावन्न. पूर्वी कंपनीची गाडी होती, ती कंपनीने विकून टाकली आणि पत्र काढलं की दोन महिन्यांत ज्याची स्वतःची गाडी होईल त्यालाच बाहेरची कामं मिळतील. बाहेर सोडून कंपनीत दुसरं कामच नव्हतं, म्हणजे पत्राचा अर्थ काय तो कुणीही लावावा. ते दोन महिने मेहुणा बसने हिंडला. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात तपासणीच्या वजनांची पिशवी, वीस किलो. त्याचा उजवा खांदा डाव्याच्या खाली आला होता, आणि काट्यांचा माणूस असल्याने ते त्याचं त्यालाच आरशात दिसत होतं. मुदत सोमवारी संपणार होती. आम्ही निघालो शनिवारी दुपारी. तोवर बाकीचे सगळे शनिवार पैसे जमवण्यात गेले होते.

व्यवहारात मेहुण्याचा उपयोग नसतो, उपद्रव असतो. अठ्ठावीस वर्षं काटे बरोबर करून त्याला वजन खरं सांगायची खोड लागली आहे. भाजीवाल्याने चुकून दोन टोमॅटो जास्त टाकले तर हा अर्ध्या रस्त्यातून परत जातो. म्हणून बसमधून उतरल्यावर मी त्याला बाजूला घेतलं.

"तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"बरं दाजी."

"मी चष्मा काढला की उठायचं आणि चालू पडायचं. मागे वळून बघायचं नाही."

"किती लांब जायचं?"

"तो हाक मारीपर्यंत."

"आणि त्याने नाही मारली तर?"

"मारतोच," मी म्हणालो. हे मी कुठून शिकलो ते मला आजही सांगता येणार नाही.

जुन्या गाड्यांच्या त्या दुकानात वर पत्रा, खाली ऑइलचे डाग, आणि मधे तीसेक मोटरसायकली एकाच बाजूला कललेल्या. सरकारी दवाखान्याच्या रांगेत माणसं उभी राहतात तशा. टेबलामागे गाडीवाला बसला होता. टेबलफॅनची मान मोडल्यामुळे वारा फक्त त्यालाच लागत होता, आणि त्याचाही त्याला काही आनंद दिसत नव्हता. कोपऱ्यात दुसरं टेबल. तिथे फायनान्सच्या बाई, समोर प्रिंटर, टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला.

"बघा," गाडीवाला म्हणाला. पुढचं वाक्य त्याने सकाळपासून इतक्यांदा म्हटलं असावं की त्यात क्रियापदच उरलं नव्हतं. "सहा वर्षं, एकाच मालकाची, इंजिन कधी न खोललेलं, बावन्न हजार."

मेहुणा काळ्या गाडीजवळ गेला. सीटला दोन टाके होते, टाकीवर ओरखडा होता. त्याने मागची दांडी धरून चाक चार बोटं उचललं, खाली ठेवलं, आणि मी डोळे वटारायच्या आत म्हणाला, "टाकीत पेट्रोल नाही."

गाडीवाल्याने पहिल्यांदाच मान वर केली. "तुम्हाला कसं कळलं?"

"वजन कमी लागतंय. बाकी गाडी चांगली आहे. बावन्न म्हणजे..."

"बावन्न म्हणजे फार झाले," मी घाईघाईने म्हणालो. "चाळीस."

"काका, चाळीसला मी पण घेतो. आहे का तुमच्याकडे एखादी?"

इथून पुढे जे झालं ते सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी तीन हजार वर जायचो, तो एक हजार खाली यायचा, मधे दोघेही दमून पंख्याकडे बघायचो. तो म्हणाला, मला घरी तोंड दाखवायचंय. मी म्हणालो, मलाही. तो म्हणाला, माझ्या घरचं तोंड तुम्ही पाहिलेलं नाही. अशा रीतीने पाऊण तासाने आम्ही एकोणपन्नासवर आलो आणि दोघांच्याही अंगातलं त्राण संपलं. हिने सांगितलेली हद्द अठ्ठेचाळीस होती. पण एका हजारासाठी पुन्हा पंख्याकडे बघत बसायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, ठीक आहे.

पंधरा हजार रोख, बाकीचे हप्त्याने. बाईंनी प्रिंटरच्या डोक्यावर एक चापट मारली, मग त्याने फॉर्म बाहेर काढला. "साडेपाचला आमचं मशीन बंद होतं," बाई म्हणाल्या. "उद्या रविवार. काय ते आत्ता करा."

पावणेपाच झाले होते. मी फॉर्म घेतला. अक्षर इतकं बारीक, जणू छापणाऱ्याला ते कुणी वाचावं अशी इच्छाच नव्हती. मला लांबचं दिसत नाही, जवळचं दिसतं, पण चष्मा काढल्यावर. चाळीस वर्षांची सवय. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फॉर्म नाकाला लावला.

शेजारची खुर्ची सरकली. मेहुणा उठला आणि चालू पडला.

मला पहिलं कलम संपेपर्यंत काही कळलं नाही. गाडीवाला दाराकडे बघत होता. "साहेबांना काय झालं हो?"

स्वतःच्या नाकावरची गोष्ट माणसाला सगळ्यात शेवटी दिसते. मला ती तेव्हा दिसली. खरं तर तिथेच हसून 'अहो, गैरसमज झाला' म्हणायला हवं होतं. पण तोंडात एकतीस वर्षांची मुकी पाकिटं साठली होती. मी फॉर्म खाली ठेवला आणि एक सुस्कारा सोडला. त्याहून जास्त काही केलं नाही, देवाशप्पथ.

"अहो साहेब," गाडीवाल्याने हाक मारली. "या. अठ्ठेचाळीस करा. या इकडे."

मेहुणा परत आला, बसला. त्याचा चेहरा गोंधळलेला होता. ठरलेला भाव मोडून आपण का उठलो, हे त्याला काट्यावर बसवता येत नव्हतं. मी चष्मा लावला. हद्दीत आलो होतो. शहाण्या माणसाने इथे थांबावं.

मी दोन मिनिटं थांबलो. मग चष्मा पुन्हा काढला. या वेळी वाचण्यासाठी नाही.

मेहुणा उठला, गेला. मी सुस्कारा सोडला. गाडीवाल्याने ड्रॉवर उघडला, त्यात बिलबुक टाकलं आणि ड्रॉवर बंद केला. मी आणखी एक सुस्कारा सोडला, जरा मोठा.

"काका," तो शांतपणे म्हणाला, "त्यांना जाऊ द्या. मी पण सकाळी आठपासून इथे आहे. आज अकरा माणसं उठून गेली. कुणाकुणाच्या मागे धावू?"

आणि त्याने हाक मारली नाही.

मी दारापर्यंत गेलो. मेहुणा दिसेना. मागे वळून बघायचं नाही असं मीच सांगितलं होतं, आणि तो सांगितलेलं ऐकतो. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. बाई चपलांमधे पाय घालत होत्या. उद्या रविवार, परवा सोमवार.

तो बसस्टॉपवर सापडला. बाकावर बसला होता, पैशांचं पाकीट मांडीवर, त्यावर दोन्ही हात.

"अरे, इथे काय करतोयस?"

"हाक आली नाही," तो म्हणाला. "म्हटलं, अजून लांब जायचं असेल."

मी शेजारी बसलो. एक बस आली, थांबली, आमच्याकडे बघून गेली.

"दाजी, खरं सांगू?"

"तू दुसरं काय सांगतोस?"

"पहिल्यांदा उठलो तेव्हा लाज वाटली. दुसऱ्यांदा उठलो तेव्हा बरं वाटलं. वाटलं, चालत राहावं. गाडी नको, हप्ते नकोत, काटे नकोत." तो खांदा चोळत होता. "बावन्नाव्या वर्षी दोन वर्षांचा हप्ता घ्यायचा. दोन वर्षं हा खांदा तरी टिकायला हवा ना. तुमचं आपलं बरं, तुम्ही सुटलात."

 उपदेश माझ्याकडे पुष्कळ होते. पण दमलेल्या माणसाला उपदेश करणं म्हणजे वीस किलोच्या पिशवीत आणखी एक वजन टाकणं. मी म्हणालो, "दुसऱ्यांदा मी चष्मा लबाडीने काढला. आणि पहिल्यांदा वाचायला काढला होता. मला चष्मा लावून वाचता येत नाही."

त्याने खांदा चोळायचं थांबवलं. "मग तीच खूण का ठरवलीत?"

"लक्षात नाही राहिलं."

"ताईला माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगणार नाहीस."

"तिने विचारलं तर सांगेन," तो म्हणाला, आणि हसला. दोन महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मग तो उठला. "चला. पाच चौदा झाले. बसचं तिकीट काढून पिशवी वाहण्यापेक्षा हप्ता बरा."

आम्ही आत गेलो तेव्हा गाडीवाला पंखा बंद करत होता. त्याने आम्हाला पाहिलं, पंखा पुन्हा चालू केला, आणि आपल्या हाताने त्याची मोडकी मान मेहुण्याकडे वळवून धरली.

"बसा साहेब. अठ्ठेचाळीस, बोललो ते बोललो. काका, तुम्ही चष्मा घालून बसा. काढलात की तुमचा माणूस उठतो, हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. वीस वर्षं धंद्यात आहे. काय वाचायचं ते बाई वाचतील."

"मी?" बाई म्हणाल्या. "आजवर कुणी वाचायला लावलं नाही."

"मग आज वाचा."

बाईंनी फॉर्मवर चौतीसचे तेहतीस केले आणि वाचायला सुरुवात केली, बसचे थांबे सांगावेत तशी. कर्ज तेहतीस हजार. हप्ते चोवीस. हप्ता चुकला तर हे, दोन चुकले तर ते. जामीनदार म्हणजे मी. मग त्या अडखळल्या. "गाडी देखभाल योजना, दोन वर्षं, अठ्ठावीसशे."

"हे काय?" मेहुण्याने विचारलं.

"वर्षातून दोनदा गाडी धुऊन देतात."

"अठ्ठावीसशेत चारदा धुणं," मेहुणा म्हणाला. "सातशेला एक. मला आंघोळीला एवढा खर्च येत नाही. हे घ्यावंच लागतं का?"

बाईंनी गाडीवाल्याकडे पाहिलं. गाडीवाला छताकडे बघत होता. "नाही," बाई म्हणाल्या. "नको म्हटलं की काढतात. पण नको म्हणत नाही कुणी. कुणाला माहीतच नसतं. मलाही नीट आजच कळलं."

"मग नको."

बाईंनी ते काढलं. प्रिंटरला चापट बसली, नवा फॉर्म आला. अठ्ठावीसशे वाचले. माझी पाऊण तासाची झुंज, दोन सुस्कारे आणि एक लबाडी या सगळ्यांची मिळून कमाई चार हजार, आणि एक सोमवार जाता जाता राहिला. मेहुण्याने एक साधा प्रश्न विचारला, बसल्या जागेवरून, आवाज न चढवता. ही तुलना मी घरी मांडणार नाही.

पाच सत्तावीसला सही झाली. मेहुण्याने पाकिटातले पंधरा हजार मोजून दिले, गाडीवाल्याने न मोजता ड्रॉवरमधे टाकले. "मोजा ना," मेहुणा म्हणाला. "साहेब," तो म्हणाला, "तुमच्यासारख्या माणसाचे मोजले तर माझी झोप उडेल." मग तो मागे जाऊन एका बाटलीतून पाव लिटर पेट्रोल घेऊन आला. "पंपापर्यंत जाल. हे माझ्याकडून. बसचं भाडं समजा."

आम्ही निघालो. मेहुणा पुढे, मी मागे. गाडी दोनदा ठसकली, मग चालायला लागली. संध्याकाळचा वारा तोंडावर येऊ लागला तसा माझ्यातला विचारवंत जागा झाला. मी त्याच्या कानाशी बोलायला लागलो. म्हटलं, बघ, व्यवहारात खरं बळ कशात असतं? गरज लपवण्यात नाही, गरज ओळखण्यात. आज तू नुसती गाडी घेतली नाहीस, दोन वर्षं विकत घेतलीस. त्या गाडीवाल्यालाही आज कळलं असेल की माणूस हा शेवटी...

एवढ्यात चष्म्यावर धूळ बसली. मी तो काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसू लागलो.

गाडी हळू झाली, रस्त्याच्या कडेला गेली आणि थांबली. मेहुण्याने एक पाय खाली टेकला. आरशात त्याचे दमलेले डोळे माझ्याकडे बघत होते.

"दाजी," तो म्हणाला, "तेवढा चष्मा घाला ना."