नात्याचा रकाना

रक्त काढायच्या खोलीत मला सगळे डासताई म्हणतात. सुई टोचली कधी आणि काढली कधी, कळत नाही म्हणून. पाच वर्षं मी लोकांच्या शिरा शोधते आहे. त्या रक्तातून काय निघालं हे सांगणारे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात, आणि मला तिथे जायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत चोरून वाचून सव्विसाव्या वर्षी वैद्यकीयची प्रवेश परीक्षा दिली, चांगल्या गुणांनी पास झाले आणि नियम क्रमांक नऊवर जाऊन आपटले.

शाळेच्या शेवटच्या वर्षी विज्ञानात साठपेक्षा कमी गुण असतील, तर ते का, याचं त्या विषयाच्या शिक्षकांचं पत्र जोडा. मला अठ्ठावन्न होते. पत्राच्या छापील नमुन्यात तळाशी एक रकाना होता: अर्जदाराशी नातं. त्याखाली बारीक अक्षरात, नातेवाइकांची पत्रं बाद.

माझे विज्ञानाचे शिक्षक म्हणजे माझे बाबा. शाळेत त्या विषयाला दुसरं कोणी नव्हतंच. इकडे आड, तिकडे विहीर. मी कार्यालयात फोन केला.

"मग दुसऱ्या शिक्षकांचं आणा."

"दुसरे नव्हते हो."

"मग नातं नसलेल्यांचं आणा." फोन बंद. आता शिक्षक तेच ठेवून बाप कुठून बदलून आणायचा, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

शाळेत बाबा मला ओळख दाखवत नसत. घरातून निघालं की मी दहा पावलं मागून चालायचं, हाक मारायची तर 'सर' म्हणून. मारली तरी ते थांबायचे नाहीत. मला अंगात कणकण होती तेव्हा रजेच्या चिठ्ठीत 'आजारी' लिहायला त्यांनी नकार दिला होता, कारण कणकण म्हणजे आजार नव्हे. ते निवृत्त झाले तेव्हा मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, सरांच्या तराजूत स्वतःची लेकही इतरांसारखीच तोलली गेली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आई तेवढी मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसली होती.

दुपारी जेवणाच्या टेबलावर मी बाबांपुढे नमुना ठेवला. म्हटलं, आधी कारण तर लिहा, रकान्याचं नंतर बघू. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: गुण योग्यच होते.

"बाबा, हे पाठवण्यापेक्षा मी अर्ज चुलीत घालते!"

"अहो," आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "बेरीज मी करायचे."

आमच्या घरी परीक्षेनंतर पेपरांचे गठ्ठे यायचे. बाबा लाल शाईने तपासायचे आणि पहिल्या पानावरची बेरीज आई करायची. तिचं गणित पक्कं आहे.

"हिची एकाहत्तर आली होती. मी दोनदा केली. तुम्ही पेपर परत घेतलात, तीन उत्तरांचे गुण खोडलेत आणि म्हणालात, आता कर."

"लोक बोलत होते," बाबा म्हणाले. "म्हणाले असते, मास्तरांनी घरातच गुण वाटले."

"आणि तू केलीस?" मी आईला विचारलं.

"केली. अठ्ठावन्न आली."

"नऊ वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजत आले," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. एवढा राग आला होता की टेबल उलटून टाकावंसं वाटलं, आणि टेबलापलीकडे माझाच बाप केविलवाणा होऊन बसला होता.

बाबा म्हणाले, "खरं लिहायचं तर माझी मुलगी म्हणून गुण कापले, हे लिहावं लागेल. आणि मुलगी लिहिलं की पत्र बाद."

"मला कळतंय ते."

"दुसरा नमुना आहे का?"

मी दिला. ते तो घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. बाबा पाकीट घेऊन माझ्याबरोबर कार्यालयात आले आणि खिडकीसमोरच्या बाकावर बसले. रांगेत मी पाकीट उघडलं. फळ्यावरचंच ते अक्षर. 'गुण देताना चूक माझ्याकडून झाली. विद्यार्थिनी हुशार होती.' हे शब्द मला मी सतरा वर्षांची असताना हवे होते. मी ते तीनदा वाचले. मग खाली नजर गेली.

अर्जदाराशी नातं: नाही.

खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट केले. अर्जात फक्त नाव-आडनाव होतं, पालकांचं नाव विचारलेलं नव्हतं, सज्ञान असण्याचा तेवढाच काय तो फायदा. पण त्यांचं बोट पत्राखालच्या सहीवर थांबलं.

"आडनाव एकच आहे की. कोण लागतात हे तुमचे?"

"ते आमचे सर होते."

"ते वाचलं मी. नातं आहे की नाही, तेवढं सांगा."

मागे बाक करकरला. मी वळून पाहिलं. बाबा उठले होते. पिशवी खांद्याला अडकवून, माझ्याकडे न बघता, ते दाराबाहेर पडले.

"नाही," मी म्हणाले.

बाईंनी शिक्का मारला. निवड झाली तर पत्राने कळवू म्हणाल्या आणि पुढच्याला बोलावलं.

मी बाहेर आले. बाबा कुंपणाच्या कडेने बसथांब्याकडे चालले होते, बरोबर दहा पावलं पुढे. कार्यालयाच्या खिडक्या रस्त्याकडे सताड उघड्या होत्या. मला 'बाबा' म्हणून ओरडायचं होतं.

"सर," मी हाक मारली.

ते थांबले नाहीत.