टाचण्या तोंडात धरून

शिंपीबुवांच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे संसारातली निम्मी बोलणी त्यांनी खोकूनच उरकली. बारीक खोकला म्हणजे कात्री दे. घशातून ओढलेला म्हणजे चहा. आणि लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारा म्हणजे या गिऱ्हाइकाला वाटेला लाव. समोर काजं-बटणं करत बसणाऱ्या बायकोला हे सगळं पाठ होतं.

पण गाव दमट. भिंतींना बुरशी आणि बुवांच्या छातीत खरखर. खरा खोकला इतका वाढला, की बायको कात्री द्यायची आणि ते नुसतेच धापा टाकत बसायचे. शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "ऊन असेल, हवा कोरडी असेल, तिथे राहायला जा. नाहीतर काही खरं नाही." बायकोने मागचापुढचा विचार केला नाही. शिलाई मशीन ट्रकमध्ये टाकलं आणि दोघं उन्हाच्या गावी आली.

इथलं ऊन सकाळपासूनच कंबर कसून उभं असायचं. बघता बघता खोकला पळाला. बुवा न थांबता जिना चढू लागले. इतका मोकळा श्वास त्यांनी तरुणपणीही घेतला नव्हता, आणि त्यांना त्याचं मनापासून अप्रूप वाटायचं.

फक्त चहा बंद झाला. तोंडाने चहा मागायची सवयच नव्हती. एका दुपारी फारच तल्लफ आली, तेव्हा त्यांनी घशातून एक ओढलाच.

बायकोच्या हातातली सुई गळून पडली. चहाऐवजी वाफ घ्यायला पातेलं आलं. दुसऱ्या दिवशी कात्रीसाठी खोकले, तर छातीला शेक मिळाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा चहासाठी खोकले, तेव्हा तिने माळ्यावरून ट्रंकच खाली काढली.

"ही हवाही मानवत नाही तुम्हाला. परत जाऊ," ती कपडे भरत म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे.

पुन्हा ती बुरशी! बुवा नको म्हणायला गेले, तर टाचण्यांमुळे नेमका लांबलचकच निघाला. बायको आणखी भराभरा भरू लागली. मग त्यांनी टाचण्या तळहातावर काढल्या.

"अगं, मी ठणठणीत आहे. मला चहा हवा होता."

ती ट्रंकेवरच बसली. "आणि काल?"

"कात्री."

"इथे माझा जीव टांगणीला लागला होता, आणि तुम्हाला कात्री हवी होती?" तिने डोळे पुसले. उठता उठता थबकली. "अहो, मग तिकडे रात्री-अपरात्री मी उठून छाती चोळायचे, तो खोकला तरी खरा होता ना?"

"खरा होता."

"सगळा?"

शिंपीबुवांनी टाचण्या पुन्हा तोंडात ठेवल्या.