बैल न लागलेली माती

बोरगाव मेघेत आम्ही नवं घर बांधलं तेव्हा अंगणात नुसता मुरूम होता. विटा लावून मी उंच वाफे करून घेतले. ऋषिपंचमीचं माझं व्रत. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हातानं खणलेल्या जागेतलीच भाजी खायची. आजवर ती गावातली देवकाबाई द्यायची. नाल्याकाठी नानाजींच्या मालकीच्या तुकड्यात ती खुरप्यानं खणून धोपा म्हणजे अळू, दोडकी, चवळी लावायची. म्हटलं, यंदा आपल्या दारची होऊ दे.

ह्यांना बजावलं होतं, "विहिरीच्या खोदकामातली माती नका आणू. दिसते काळी, पण तिच्यात जीव नसते. वरच्या थरातलीच पाहा."

ज्येष्ठात एका सकाळी पूजा आटोपून बाहेर आले, तर आमचा गडी रूपराव हातगाडीनं माती आणून टाकत होता. मूठभर घेऊन ओली केली, दाबली. गोळा झाला, आणि बोटानं टोकरताच मोकळाही झाला. गांडुळं होती. वास तर असा की डोळे मिटावेत.

"कोण्या पुण्यवानाची रे ही?"

रूपराव नुसता हसला.

वाफा भरताना हाताला एक चिंधी लागली. हिरव्या लुगड्याच्या काठाची, वेल बांधायची, गाठीसकट. ते लुगडं मीच गेल्या पंचमीला देवकाबाईला दिलं होतं.

"रूपराव, खरं सांग. कुठली माती?"

"देवकाबाईच्या तुकड्यातली, बाई. नानाजी हो म्हणले. ते बाई लेकीकडं तळेगावले गेली हाय, म्हणून कटकट नाई झाली."

मी ह्यांना हाक मारली. माझा आवाज देवघराबाहेर जात नाही असं सासूबाई म्हणायच्या. त्या दिवशी समोरच्या शकुंतलाबाई दारात आल्या.

"काऊन ओरडून राह्यली?" हे म्हणाले. "तुह्या व्रतासाठीच त शोधली. बैल न लागलेली माती या गावात दुसरी दाखव. बैलगाडीसुद्धा नाई लावली मी!"

"बैलाले सुटी देल्ली अन् त्या बाईच्या मानेवर जू ठेवलं! हे माह्यं व्रत?"

"जागा नानाजीची हाय."

"जागा असन नानाजीची. माती तिनं केली. पाला कुजवून, राख टाकून, डोक्यावर शेण वाहून. नानाजीनं एक टोपलं तरी टाकलं काय?"

शकुंतलाबाई पदराआड हसल्या. "आता आणलीच हाय त लावून टाका, आनंदाबाई. देवाले काय कळते?"

"देवाले नाई कळत, त मी रोज कोणासमोर दिवा लावून राह्यली?"

वाफे रिकामे होईतो तोंडात पाणी घेणार नाही, एवढं बोलून मी टोपलं उचललं. माझे नेम ह्यांना ठाऊक. हातगाडी मग परत नाल्यापर्यंत ह्यांनीच ढकलली, रूपरावाच्या बरोबरीनं, भर उन्हात.

देवकाबाई परतल्यावर आम्ही दोघं नाल्याकाठी गेलो. तुकड्यात उकिडवी बसून तिनं माती चाळवली. वरची खाली, खालची वर, मधेच आमचा मुरूम. चवळीची रोपं मुळासकट वाळलेली. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"वासुदेवराव," ती ह्यांना म्हणाली, "माह्या अंगावरची गोधडी ओढून नेली, अन् घडी करून आणून देल्ली. मी मधात थंडीनं मेली, त्याचं काय?"

 

माझ्या वाफ्यांत मी कडुनिंबाचा पाला आणि शेण टाकायला लागले. त्याची माती व्हायला काही पावसाळे लागणारच.

पंचमीला देवकाबाई आली. हातात धोप्याचं एक पान.

"यंदा एवढंच."

मी ते शिजवलं आणि दोन ताटांत अर्धं अर्धं वाढलं. हे पाटावर बसले. ताटाकडे पाहिलं, मग चुलीकडे.

"पोळी? वरण?"

"ते बैलाच्या कष्टाचं," मी म्हटलं. "यंदा तुम्हीही पाळा."