खंडेनवमीचं तेल

वहाबभाईंच्या शिलाई मशीनच्या दुकानात दिवाळीची गर्दी होती. त्या गर्दीसमोर मी माह्या भरतकामाच्या मशीनचा दातेरी पट्टा काउंटरवर आपटला.

"डुप्लिकेट माल विकता काय? नवरात्रात बसवला अन् दिवाळीच्या आत दात झडले! लोकांचे ब्लाउज पडून राह्यले माह्याकडे!"

गिऱ्हाइकं वळून पाहू लागली, तसा मले आणखीच चेव आला. "इथून काही घेऊ नका रे बाबांनो!"

वहाबभाईंनी पट्टा हातात घेतला. रबर तेलानं फुगलं होतं. त्यांनी दातांच्या फटीत बोट फिरवलं, अन् ते कुंकवानं लाल झालं.

खंडेनवमीले मी मशीनची पूजा केली होती. तेल, हळद, कुंकू, सगळं पट्ट्यालेही चोपडलं होतं. अन् पट्टा बसवतानाच त्यांनी बजावलं होतं, "वहिनी, याले तेलाचा थेंब लागू देऊ नका."

त्यांनी लाल बोट मुठीत झाकलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाव वहिनी, मालच खराब निघाला. बदलून देतो."

नवा पट्टा त्यांनी पुढे केला. अन् मी तो घेतला.